नकाराचा अधिकार

संशोधक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते: पांढरा अंगरखा, काचेच्या नळ्या, सूक्ष्मदर्शक यंत्र आणि विस्कटलेले केस. माझ्या वर्गातल्या मुलांना मी एकदा संशोधकाचे चित्र काढायला सांगितले होते. चाळीस मुलांनी चाळीस प्रयोगशाळा काढल्या. जुन्या वाड्याच्या माळ्यावर बसून कसर लागलेल्या दप्तराची गाठ सोडणारा माणूस एकानेही काढला नाही. वस्तुतः मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द रुळला तो या दुसऱ्या माणसामुळे. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, तेव्हा सामान्य मराठी वाचकाने प्रयोगशाळेचे तोंडही पाहिले नसेल, पण वि. का. राजवाडे नावाचा एक विक्षिप्त गृहस्थ गावोगाव जुने कागद मागत हिंडतो, हे त्याला ऐकून ठाऊक होते.

शब्द एकच आणि माणसे दोन. किंबहुना दोन तरी कुठे? आकड्यांशी खेळणारा, पाखरांकडे बघत बसणारा, नाणी तोलणारा, कवट्या मोजणारा, पोथ्या ताडून पाहणारा, हे सगळे संशोधकच. विद्यापीठे या सर्वांना पीएच.डी. ही एकच पदवी देतात. मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही, त्यामुळे या पंगतीत माझे पान मांडलेले नाही. आणि म्हणूनच की काय, दारात उभा राहून मला प्रश्न पडतो, की हे सगळे एकच काम करीत आहेत काय? आणि करीत असतील, तर त्या कामाची जबाबदारीही सर्वांवर सारखीच पडते काय?

आधी शब्दाकडेच बघू. हिंदीत 'संविधान संशोधन' म्हणजे घटनादुरुस्ती. हिंदी वृत्तपत्र प्रथमच वाचणाऱ्या मराठी माणसाला याची गंमत वाटते. पण धातू 'शुध्' आहे, शुद्ध करण्याचा. आणि मला तर हिंदीचा अर्थच अधिक खरा वाटतो. संशोधन म्हणजे नवे काहीतरी सापडणे, ही आपली समजूत. ते पुष्कळदा सुपात तांदूळ घेऊन खडे वेचण्याचे काम असते. तांदूळ आधीपासून असतातच.

विद्यांची विभागणी आपण दोन प्रकारे करतो. एक, विज्ञाने आणि मानव्यविद्या. दोन, उपयोगी आणि निरुपयोगी. पहिली महाविद्यालयांच्या सोयीची आहे. दुसरी बाजारातली आहे, आणि तिच्यापुढे भले भले गडबडतात. जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सभोवती शेतमळे. विज्ञानदिनी ती लोकांना पाहायला मिळते. तेथे आमच्या एका मुलाने माहिती देणाऱ्या तरुणाला विचारले, "याचा आम्हाला उपयोग काय?" तो तरुण बिचारा उपग्रह, दळणवळण, असे काहीबाही सांगू लागला. आकाशगंगांतल्या हायड्रोजनची कुजबुज ऐकण्यासाठी हे उभारले आहे, उपयोग विचारू नकोस, असे त्याने ठणकावून सांगितले असते तर मला आवडले असते. उपयोगाचा प्रश्न वाईट नाही. अन्न पिकवणाऱ्याच्या मुलाने तो विचारलाच पाहिजे. पण त्याने संशोधनाची जात कळत नाही. आज निरुपयोगी ते उद्या उपयोगी ठरते आणि आजचे उपयोगी उद्या घातक.

मला तिसराच प्रश्न अधिक कामाचा वाटतो. संशोधक जे म्हणतो, त्याला 'नाही' म्हणणारे कोण आहे?

देवळालीचे द. रा. कापरेकर हे माझ्यासारखेच शाळामास्तर. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी शिकवले. बी.एस्सी.च्या पुढे शिक्षण नव्हते, प्रयोगशाळा नव्हती, साहाय्यक नव्हते. कागद, पेन्सिल आणि संख्यांचे वेड एवढाच संसार. १९४९ साली त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. ते उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात खेपांत तुम्ही ६१७४ वर येता, आणि तेथून हलत नाही. ३५२४ घेतले तर ५४३२ उणे २३४५, म्हणजे ३०८७, त्यावरून ८३५२, त्यावरून ६१७४. वाचकांनी हातातला फराळ बाजूला ठेवून करून पाहावे.

हे मी वर्गात दरवर्षी करून घेतो. एका वर्षी मागच्या बाकावरून आरोळी आली, "सर, खोटं आहे!" त्या मुलाने मुद्दाम अडेल संख्या निवडली होती, २२२१. वजाबाकी आली ९९९, आणि पुढे नऊशे नव्व्याण्णवातून नऊशे नव्व्याण्णव गेले की उरले शून्य. सारा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, चार आकड्यांचा खेळ आहे ना? मग डावीकडचे शून्य कोणी खाल्ले? त्याने ०९९९ लिहिले. ८९९१, ८०८२, ८५३२, आणि अखेर ६१७४. त्याच्या चेहऱ्यावर हरल्याची खूण नव्हती. मास्तरांना खोटे ठरवण्याची पूर्ण मुभा त्याला मिळाली होती आणि निकाल मास्तरांनी दिला नव्हता, संख्यांनी दिला होता. पुढे त्याने आपणहून पाच आकडे घेऊन पाहिले. तेथे संख्या साफ नकार देतात. एका जागी येऊन थांबत नाहीत, फेऱ्यात फिरत राहतात. हा नकार कापरेकरांच्या विद्वत्तेला भीक घालत नाही की मुलाच्या अज्ञानाला हसत नाही. तो तत्काळ येतो आणि त्यात कोणाचेही काही बिघडत नाही. गणिती हा सर्व संशोधकांत सुखी माणूस. कापरेकरांना 'गणितानंद' म्हणत, ते उगाच नव्हे.

पाखराचा नकार उशिरा येतो. त्यासाठी बसून राहावे लागते. १९३० साली सलीम अली यांच्या हाताला नोकरी नव्हती आणि नावापुढे पदवीही नव्हती. अलिबागजवळ किहीमला ते राहत होते आणि घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर आडोशाला बसून त्यांनी ती पाहिली. नर अर्धे घरटे विणतो. माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडले तर तो ते पुरे करतो, ती आत राहू लागते, आणि हा पठ्ठ्या दुसरीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो. आपण मात्र त्या पाखराला नाव ठेवले सुगरण, आणि घरट्याचे सारे श्रेय गृहिणीला देऊन मोकळे झालो. आपल्या कवितांना आणि पाठ्यपुस्तकांना पाखराने कधीच नकार दिला होता. तो ऐकायला कोणी बसले नव्हते, एवढेच.

येथवर सारे निष्पाप आहे. पण संशोधनाची वस्तू जेव्हा माणूस होते, तेव्हा नकाराची किंमत माणूस भरतो. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात ती कैद्यांना दिली गेली. ते कैदी स्वखुशीने पुढे आले, असे म्हणतात. तुरुंगातल्या माणसाच्या खुशीला किती वजन द्यावे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पण स्वतःचा दंड आधी पुढे करण्यात हाफकिन यांनी एक गोष्ट ओळखली होती: नकार यायचाच असेल, तर तो प्रथम आपल्या रक्तातून यावा. १९०२ च्या अखेरीस पंजाबात मुलकोवाल येथे लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. तोवर त्यांनी कलंक सोसला. आज मुंबईची ती संस्था त्यांच्याच नावाने चालते.

आता कोणी म्हणेल, मग इतिहास आणि पुराणवस्तू यांतच बरे. तेथे कोणाला सुई टोचायची नसते, चूक झाली तरी कोणी मरत नाही. हा समज शिकलेल्या लोकांतही फार आहे. विज्ञान कठीण आणि इतिहास सोपा. विज्ञानाला शिस्त लागते, इतिहासाला वाचनाची आवड पुरते. मला नेमके उलट वाटते. जेथे नाही म्हणणारा दुबळा असतो, तेथे संशोधकावर भार सर्वांत जास्त पडतो. आणि मेलेल्या माणसाइतका दुबळा कोण आहे?

घोड नदीच्या काठी शिरूरजवळ इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव. घराच्या जमिनीखालीच दफने सापडली. मूल गेले तर दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत ते ठेवलेले, आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले. का तोडले असतील? मृताने उठून परत येऊ नये, भूत होऊन छळू नये, म्हणून? की त्याने घर सोडून जाऊच नये, म्हणून? एका अर्थात भीती आहे, दुसऱ्यात माया. कादंबरीकार म्हणून मला दोन्ही चालतील. माझ्या कथानकाला सोयीचे असेल ते मी घेईन, आणि वाचकही रागावणार नाही. संशोधकाला ती मुभा नाही. हाडे दोन्ही अर्थांना सारखीच गप्प राहतात. अशा वेळी त्याला स्वतःच्याच तोंडाने स्वतःला नाही म्हणावे लागते, आणि माणसाच्या स्वभावात याहून अवघड गोष्ट मला तरी दिसत नाही.

काही मोठ्या माणसांनी यावर तोड काढली. राजवाड्यांनी बखरकारांच्या रसाळ हकिकतींपेक्षा अस्सल पत्राच्या चिटोऱ्यावर भिस्त ठेवली, आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. दामोदर कोसंबी यांची तोड आणखी नवलाची. मूळचे गोव्याचे, व्यवसायाने गणिती. १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारेही तेच, आणि पुण्याच्या टेकड्यांवर अश्मयुगातल्या दगडी पात्या वेचणारेही तेच. त्यांनी तक्षशिलेची प्राचीन आहत नाणी तराजूत घातली. विचार साधा होता. टांकसाळीतून नाणे ठरल्या वजनाचे निघते. हातोहात फिरताना ते झिजते. जितका काळ फिरले तितकी झीज अधिक. मग वजनावरून नाण्यांचा क्रम लावता येईल. हे तत्त्व खरे की खोटे, ते कोण सांगणार? मौर्य काळचा सराफ काही उठून येणार नाही. म्हणून त्यांनी आपल्या काळातली, बाजारात फिरणारी नाणी हजारोंनी तोलली. त्यांची वर्षे नाण्यांवरच छापलेली होती. अंदाज चुकला असता, तर त्या नाण्यांनी तोंडावर सांगितले असते. मुक्यांची बाजू मांडण्यासाठी त्यांनी बोलता साक्षीदार मिळवला. विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्यातले कुंपण मी प्रामाणिकपणे शोधतो, तेव्हा कोसंबींच्या त्या तराजूवर ते कोठे बसवावे हे मला कळत नाही.

पण साधन एक असले म्हणजे नीती एक असते असे नाही. तराजू काय आणि मापपट्टी काय, कोणाच्याही हातात जाते. १९२७ साली इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे त्या काळचे मोठे मानववंशशास्त्रज्ञ. युरोपीय माणसाची कवटी दोन बाजूंनी असमान असते, आणि त्या असमानतेत त्याच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व दिसते, अशी कल्पना तेथे घोळत होती. इरावतीबाईंना काम मिळाले ते कवट्या मोजण्याचे. त्यांतल्या कित्येक वसाहतींतून आणलेल्या; कोणाच्या होत्या, घरच्यांना न विचारता कशा आणल्या, याची वास्तपुस्त करणारे कोणी नव्हते. विशी ओलांडलेली, परक्या देशात परक्या भाषेत शिकणारी मुलगी. पदवी ज्याच्या सहीने मिळायची त्याचा अपेक्षित निष्कर्ष समोर दिसतो आहे. आणि ज्यांच्याबद्दल लिहायचे त्यांचा तर जबडादेखील हलणार नाही. बाईंनी मापे घेतली आणि लिहिले, की वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही.

हा प्रसंग मी वाचला, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. १९३३ नंतर फिशर यांची संस्था नाझींच्या वंशविचाराच्या सेवेला लागली, आणि त्या मोजमापांनी पुढे जिवंत माणसांचे काय केले ते जगाला ठाऊक आहे. हिशेब मांडायला बसले तर दोन्हीकडे साधने तीच होती, शास्त्रही तेच होते. फरक इतकाच, की एका टेबलावर कवटीला नाही म्हणण्याची मोकळीक होती. इरावतीबाईंनी हिंदुस्थानात परतल्यावर मापपट्टी टाकली नाही, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शरीरमापे त्या पुढे कित्येक वर्षे घेत राहिल्या. माणसाला कंपासात धरून त्याचे नाक मोजणे मला आजही खटकते, कोणीही केले तरी. पण तेथेही त्यांनी काढले ते काय? एका नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती एकाच मुळातून फुटलेल्या असतात असे नाही. हा निष्कर्ष जातीचा अभिमान बाळगणाऱ्या कोणालाच सोयीचा नव्हता.

यावर एक अडचणीचा प्रश्न उरतो. मृत माणसे नाही म्हणू शकत नाहीत हे खरे. पण त्यांच्या वतीने जिवंत माणसे म्हणतात, आणि मोठ्याने म्हणतात. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. निमित्त होते एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकातल्या मजकुराचे. त्या मजकुराने माणसे दुखावली, आणि दुखावण्याचा त्यांचा हक्क मी नाकारत नाही. ऐकीव गोष्टीवर पूज्य पुरुषाविषयी लिहिणाऱ्याने कोसंबींसारखा साक्षीदार आधी शोधायला हवा होता. पण त्या दिवशी उलथली गेली ती कपाटे, फाटली ती पुस्तके आणि हस्तलिखिते. म्हणजे नकार द्यायला जे कागद समर्थ होते, तेच फाडले गेले. कापरेकरांच्या खेळाला खोटे म्हणणाऱ्या त्या माझ्या विद्यार्थ्याने संख्या मांडून दाखवली होती. फळा फोडला नव्हता.

याच संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. काम १९१९ साली सुरू झाले. १९२५ पासून त्याची धुरा विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याकडे आली. हेही आधी केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला संस्कृत. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम आणि देवनागरी अशा नाना लिप्यांतली हस्तलिखिते गोळा केली. तपासलेल्यांची संख्या १२५९. पाठ ताडण्यासाठी मोठ्या कागदावर चौकटी आखलेल्या, एका चौकटीत एक अक्षर. काश्मीरची पोथी केरळच्या पोथीला नाही म्हणते, बंगालची दोघींना. आणि हे मिटवणारा व्यास हजर नाही.

गणपती लेखनिक झाल्याची कथा मुख्य संहितेबाहेर गेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा तळटीपेत गेला. सूतपुत्राला वरणार नाही, हे स्वयंवरातले तिचे वाक्यही गेले. आम्हा कादंबरीवाल्यांचे कर्णावरचे निम्मे भांडवल त्या वाक्यावर उभे आहे. पण गेले म्हणजे कोठे गेले? फेकून काहीच दिलेले नाही. रेघेखाली बारीक अक्षरांत, परिशिष्टांत, कोणत्या पोथीत काय आहे या नोंदीसह ते सगळे तेथेच आहे. ज्याला संपादकाचा निर्णय पटत नाही, त्याने खालची पोथी उचलून वरच्या ओळीशी भांडावे. इरावतीबाईंनी 'युगान्त' लिहिले ते याच आवृत्तीच्या आधाराने. बर्लिनच्या कवट्या मोजणारी बाई पुण्याच्या पोथ्यांपाशी येऊन बसली ती अशी.

आणि मुख्य संहितेतही, जेथे पाठ पुरता निश्चित वाटला नाही, तेथे अक्षरांखाली एक नागमोडी रेघ छापली आहे. आदिपर्वाचा खंड मी प्रथम हातात घेतला तेव्हा मला ती छापखान्याची चूक वाटावी इतकी ती बारीक होती. सुखठणकर १९४३ च्या जानेवारीत गेले. त्यांच्या मागून बेलवलकर आले, मग प. ल. वैद्य. एकोणीस खंडांचे ते काम १९६६ साली पुरे झाले, आणि शेवटच्या खंडापर्यंत ती रेघ कोणी काढून टाकली नाही.